आदल्या सांजेची तालीम

आपल्या समाजाच्या लग्नांत मी गेली वीस-बावीस वर्षे वावरतो आहे. कधी मुलीकडचा म्हणून, कधी मुलाकडचा, कधी नुसताच हाताखालचा कार्यकर्ता म्हणून. प्रत्येक लग्नात एक गोष्ट मनाला लागते. प्रतिज्ञेची वेळ येते आणि नेमके तेव्हाच कुणाला काही ऐकू येत नाही. फोटोवाले आणि शूटिंगवाले वधूवरांसमोर भिंतीसारखे उभे असतात. पोरे मोबाईल उंच धरून धक्काबुक्की करतात. मागच्या रांगेतली मंडळी जेवणाच्या पंगतीकडे सरकू लागलेली असतात. बौद्धाचार्य एकेक वाक्य सांगतात, नवरदेव ओठातल्या ओठात काही पुटपुटतो, नवरीचा तर आवाजच फुटत नाही. मग फुले पडतात, टाळ्या वाजतात आणि झाले लग्न!

ज्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही, त्या लग्नात दोघांनी तोंडाने दिलेल्या शब्दाखेरीज दुसरे आहे काय? तोच ऐकू येत नसेल तर उरले फक्त जेवण.

भीमजयंतीच्या लेझीमला आपली पोरे महिनाभर तालीम करतात. जलशाला तालीम लागते, शाळेच्या गॅदरिंगला लागते. आयुष्याच्या शब्दाला मात्र तालीम नको, असे का? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आणि लोकांनी तो हसण्यावारी नेला. शेवटी गेल्या मे महिन्यात माझ्या सख्ख्या भाचीचे लग्न निघाले, तेव्हा मामा या नात्याने मी हट्टच धरला. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, जिथे लग्न लागणार त्याच जागी, दोन्ही घरची जवळची माणसे बोलावून रंगीत तालीम करायची.

जागा म्हणजे काही हॉल नव्हे. संगमेश्वर तालुक्यातले आमचे गाव. वाडीच्या वरच्या अंगाला आमचे खळे आहे. भाताची झोडणी होऊन गेल्यावर ते मोकळेच असते. एका बाजूला जुना रायवळ आंबा, दुसऱ्या बाजूला काजूची चार झाडे, खालच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा आणि त्यापलीकडे आटलेला पऱ्या. ताईने आणि वाडीतल्या बायकांनी दोन दिवस खपून खळे शेणाने सारवले होते. पोरांनी बांबू रोवून वर झावळ्यांचे झाप टाकले होते. तालुक्याच्या गावच्या हॉलचे एका दिवसाचे भाडे ऐकून मी कॉमर्सचा माणूस कागद-पेन्सिल खाली ठेवून बसलो होतो. ताई म्हणाली, “आपलं खळं काय वाईट आहे?” वाईट काहीच नव्हते.

व्याह्यांना मात्र ते पटले नव्हते. “लोक काय म्हणतील, शेतात लग्न लावलं!” असा निरोप आला. तेव्हा मी त्यांना फोनवर बाबासाहेबांच्या आणि माता रमाईंच्या लग्नाची आठवण दिली. ते लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले. रात्री, बाजार उठल्यावर, उघड्या छपराखाली. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्यात वधूकडची. बसायला दगडी ओटे आणि पायाखाली गटाराचे पाणी. आपले खळे तर शेणाने सारवलेले आहे, वर आंब्याची सावली आहे. व्याही थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं, खुर्च्या तरी भरपूर ठेवा.”

तालमीला दुसरी हरकत आली ती आमच्याच घरातून. लग्नाआधी नवरदेवाने नवरीच्या मांडवात पाऊल टाकू नये म्हणे! कुणी सांगितले? कुठे लिहिले आहे? धम्म स्वीकारून आपल्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी असले भय कोपऱ्यात दबा धरून बसलेले असते. आणि हळद? त्या संध्याकाळी हळदीचा आणि डीजेचा बेत मी हाणून पाडला, असे मला वाटत होते. डीजे नव्हता हे खरे. पण परसदारी बायकांनी भाचीला हळद लावलीच. मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. एका दिवशी किती आघाड्यांवर लढायचे, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

चार वाजता यायचे ठरले होते. व्याह्यांचा टेम्पो आला साडेपाचला. मुहूर्त आपण सोडला हे फार चांगले केले, पण मुहूर्ताबरोबर घड्याळही सोडून दिले की काय, असे कधी कधी वाटते. पत्रिकेत साडेबारा छापायचे आणि लग्न लावायचे अडीचला. उन्हात म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे ताटकळतात, त्याचे कुणाला काही नाही. तालमीतच मी सगळ्यांसमोर सांगून टाकले, की उद्या साडेबाराला पंचशील सुरू होईल, नवरदेव आलेला असो वा नसो. व्याही हसले, पण दुसऱ्या दिवशी बारालाच हजर झाले.

आता तालीम कशी झाली ते सांगतो, कारण कुणाला करायची असेल तर उपयोग होईल.

आमच्या भागातले एक वयस्कर बौद्धाचार्य आले होते. त्यांनी आधी जागा पाहिली. टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली, मेणबत्त्या लावल्या आणि पहिल्याच झुळुकीला त्या विझल्या. उघड्यावरच्या लग्नात हे हमखास होते. मग ऐन वेळी चार माणसे हाताचे आडोसे करत बसतात. पोरांनी घरातून जुन्या कंदिलांच्या दोन काचा आणल्या आणि तो प्रश्न मिटला. मधोमध पाट ठेवला तर तो डुगडुगू लागला, कारण खळ्याला उतार. त्याखाली चिऱ्याची कपची सरकवली. पाटावर नवे मडके. त्यात काठोकाठ पाणी, पाण्यात कच्च्या सुताचा धागा आणि धाग्याची दोन टोके दोघांच्या हातात. बाबासाहेबांनी १९५६ च्या डिसेंबरात, अगदी अखेरच्या दिवसांत, एका कार्यकर्त्याला पत्रातून बौद्ध विवाहाचा जो विधी कळवला, तो एवढाच साधा आहे. मडके, पाणी, सूत, पांढरी वस्त्रे आणि मंगलसुत्त. गरिबातल्या गरिबाला झेपावा असा. आमचा धागा मात्र आखूड निघाला. दोघे मडक्यावर ओणवे झाले तेव्हा सगळे खळे हसले. लग्नात असे झाले असते तर भाची रडली असती. तालमीत झाले म्हणून हसण्यावर गेले.

मग उभे कुठे राहायचे हा मुद्दा निघाला, आणि इथे मला जरा थांबायचे आहे.

माझी ताई विधवा आहे. भावोजी जाऊन नऊ वर्षे झाली. लोकांच्या शेतावर मजुरी करून आणि काजूच्या हंगामात बिया सोलून तिने दोन मुले शिकवली. बौद्धाचार्य म्हणाले, “मुलीची आई पुढे, मुलीच्या शेजारी. मडक्यात पाणीही त्यांनीच भरायचं.” ताई म्हणाली, “मी मागं बरी. तिची काकू उभी राहील.” मी म्हटले, काकू का? ती काही बोलली नाही. शेवटी भाचीने तिला दंडाला धरून पुढे आणले. पण तालीम पुढे सरकली की ताई नकळत एक पाऊल मागे जाई. पंचशील झाले, ताई एक पाऊल मागे. गाथा सुरू झाल्या, आणखी एक पाऊल. तिसऱ्या वेळी ती पाहुण्यांच्या ओळीत पोचली होती! कुणी ढकलत नव्हते, कुणी टोमणा मारत नव्हते. पायांनाच सवय होती. बौद्धाचार्यांनी रागावून सांगितले नाही. त्यांनी खळ्यावर चुन्याने एक रेघ मारली आणि म्हणाले, “ताई, ही तुमची जागा. उद्या कुणी काही म्हणालं तर खाली रेघ बघा.” चौथ्या खेपेला ती रेघेवर उभी राहिली. तिने कळशीने मडके भरले. हात थरथरत होते, पाणी पाटावर सांडले. मी भाषणे करणारा माणूस, विधवांच्या मानाविषयी किती सभांतून बोललो असेन. पण माझ्याच बहिणीला पुढे उभे राहण्याचा सराव लागेल, हे मला त्या संध्याकाळपर्यंत सुचले नव्हते.

प्रतिज्ञांच्या आधी बौद्धाचार्यांनी त्या येतात कुठून ते सांगितले. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाच्या बाहेर सिगाल नावाचा गृहपतीचा मुलगा भल्या सकाळी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. बापाने मरताना तसे सांगितले होते म्हणून. तथागतांनी त्याला विचारले आणि समजावले, की दिशा पूजायच्या त्या अशा नव्हेत. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. त्यांच्याशी नीट वागणे हीच पूजा. हे सांगत असताना सूर्य गडग्यापलीकडे उतरत होता. बौद्धाचार्य नवरदेवाला म्हणाले, “तोंड तिकडं करा. ती तुमची पश्चिम.” उघड्यावर असल्याचा हा फायदा! हॉलमध्ये पश्चिम कुठली ते कुणाला सांगता आले असते?

वराच्या पाच प्रतिज्ञा आणि वधूच्या पाच. पत्नीचा मान राखणे, तिची अवहेलना न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे, ही वराची. घरची कामे नीट करणे, आप्तपरिजनांना सांभाळणे, एकनिष्ठ राहणे, मिळवलेले धन राखणे आणि कामात दक्ष, उद्योगी असणे, ही वधूची. मी गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि ऐकू आले की हात वर करीन असे ठरले. पहिल्या खेपेला मी हात वर केलाच नाही. मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे, यंत्राच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. पण इथे त्याचा आवाज घशातच अडकला होता. दुसऱ्या खेपेला ऐकू आले. भाचीची तिसरी प्रतिज्ञा झाली आणि चौथीला ती थांबली.

मला वाटले विसरली. पण ती म्हणाली, “गुरुजी, नवऱ्याने मिळवलेलं मी राखीन, हे बरोबर. पण मी मिळवते त्याचं काय?”

भाची एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दरमहा पाच हजार रुपये ती ताईच्या हाती देते, त्यावर त्याची फी आणि घरचे वाणसामान चालते. लग्न ठरवायच्या बैठकीत आम्ही सगळे बोललो होतो. पंगतीत काय वाढायचे, साड्या किती, गाडी कुणाची. हुंडा नाही हेही छातीठोकपणे ठरवले होते. पण हे पाच हजार लग्नानंतर कुठे जाणार, याविषयी एक शब्द निघाला नव्हता. भाचीने मला विचारले होते. “पुढे बघू,” असे मी तिला म्हटले होते. सोयरीक मोडेल ही भीती. म्हणजे यात माझाही वाटा आहे, तो इथे लिहून ठेवतो.

व्याही म्हणाले, “घरात डबा एकच असतो.” सगळे गप्प. ताईने पदर तोंडाला लावला. भाची म्हणाली, “डबा एक असू दे. पण त्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत मी आईला देणार. हे आज सांगते, नंतर भांडण नको.”

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिले. तो धाग्याकडे पाहत होता. म्हणाला, “मला माहीत आहे. मीच तिला म्हटलं होतं, लग्न होईपर्यंत घरात काढू नको.” बापाने मान वर केली आणि उठून काजूच्या झाडाकडे गेले.

तेव्हा बोलल्या त्या विहीणबाई. तोवर त्या खुर्चीच्या कडेला बसून चहाच्या कपबशा गोळा करत होत्या. “मी मुंबईत वीस वरसं लोकांची भांडी घासली. पगार आणला की ह्यांच्या हातात. माझ्या आईच्या आजारपणात दोनशे रुपये पाठवायला मी शेजारणीकडून उसने घेतले. ते कुणाला म्हाईत नाय.” आवाज मोठा नव्हता. काजूच्या झाडापर्यंत पोचला असावा.

मग वाद झाला तो वेगळाच. आमच्या वाडीतले एक जुने कार्यकर्ते उठले. त्यांचे म्हणणे, प्रतिज्ञेत फेरफार करायचा नाही. आज एकाने एक शब्द घातला, उद्या दुसरा दुसरा घालील, आणि गावोगाव निराळा विधी होऊन बसेल. एक समाज, एक विधी. खरे सांगायचे तर एरवी मी त्यांच्याच बाजूचा. पण समोर मुलगी उभी होती आणि तिचा प्रश्न खोटा नव्हता. बौद्धाचार्यांनी सांगितले, की वराची चौथी प्रतिज्ञा अधिकाराची आणि वधूची चौथी धन राखण्याची. अधिकार दिला तर राखायचे काय आणि द्यायचे काय हे तिलाही ठरवता आले पाहिजे. शिवाय मंगलसुत्तात आईवडिलांची सेवा हे मंगल म्हटले आहे, आणि तिथे ते आईवडील मुलाचेच असे कुठे म्हटले आहे? मी जोतीरावांची आठवण दिली. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला, आणि जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू गप्प उभी राहत नाही, ती स्त्रियांच्या हक्कांचे वराकडून वचन मागते. म्हणजे नवरीने मांडवात प्रश्न विचारणे ही काही मोबाईलच्या जमान्यातली फॅशन नव्हे.

तोड निघाली ती अशी. पाचही प्रतिज्ञा जशाच्या तशा म्हणायच्या. त्या संपल्यावर नवरदेवाने आपल्या मनाने एक वाक्य बोलायचे. मी ते पाठकोऱ्या कागदावर लिहिले. आम्ही दोघे जे मिळवू त्यावर दोघांचा सारखा हक्क राहील आणि दोन्ही घरच्या आईवडिलांची जबाबदारी दोघांची राहील. जुने कार्यकर्ते म्हणाले, “विधीच्या बाहेर आहे ना? मग माझी हरकत नाही.” व्याही परत आले. कागद हातात घेतला, चष्मा लावला, दोनदा वाचला. “लिहून कशाला ठेवता? म्हणू दे त्याला,” एवढेच बोलले. ते मनापासून होते की चारचौघांत अडकले होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे भराभर उरकले. जयमंगल अष्टगाथेच्या वेळी तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या, त्याही ओंजळीने नाही तर चिमटीने, म्हणजे अखेरपर्यंत पुरतील. फोटोवाल्याला चुन्याची दुसरी रेघ आखून दिली, तिच्या पुढे यायचे नाही. नोंदणीसाठी तीन साक्षीदार तिथेच ठरवले आणि त्यांना आधार कार्डाच्या झेरॉक्स सकाळी आणायला सांगितल्या. आपल्याला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो आणि महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. गावात ग्रामपंचायतीत नोंद होते. लग्नानंतर साक्षीदार मुंबईला निघून जातात आणि दाखला वर्षानुवर्षे राहतो. सगळ्या तालमीचा खर्च चहा, साखर, बिस्किटे, चुना आणि सुताची रिळे मिळून तीनशे चाळीस रुपये आला.

अंधार पडला तरी नवरदेव मडक्यापाशी उभा राहून ते एक वाक्य पाठ करत होता. भाची त्याला मध्येच दुरुस्त करत होती. परसदारी चुलीवर उद्याच्या वाटाण्याची तयारी चालली होती.

दुसऱ्या दिवशी काय झाले हे विचाराल. बारा चाळीसला वीज गेली आणि माईक बंद पडला. मी सवयीने गडग्याकडे गेलो. तिथे आचाऱ्याची दोन माणसे भांडी सोडून उभी होती. पाचही प्रतिज्ञा ऐकू आल्या, आणि ते वाक्यही. ‘जबाबदारी’ या शब्दावर तो जरा अडखळला. ताई रेघेवर होती. व्याह्यांच्या नात्यातली एक बाई काही कुजबुजली, ताईने खाली पाहिले आणि तिथेच उभी राहिली.

जूनच्या सात तारखेला ताईचा मला फोन आला. खात्यावर पाच हजार जमा झाल्याचा मेसेज आला होता. भाचीच्या नव्हे, जावईबापूंच्या खात्यावरून.

“हे घ्यावं का रे?” तिने विचारले.

“घे,” मी म्हटले. “गडग्यापर्यंत ऐकू आलं होतं.”